माहेरवाशिणीचा किनारा

मैत्रिणींनो, पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. समुद्रातल्या एका आईचं मात्र प्रत्येकच बाळंतपण माहेरी होतं बरं का! ऑलिव्ह रिडले कासवाची मादी मोठी झाली की आपल्या जन्माच्या किनाऱ्याकडेच अंडी घालायला परतते. हिवाळ्यातल्या रात्री ती वाळूत खड्डा करते, शंभरएक अंडी घालते, वाळू सारखी करते आणि निघून जाते. पिलांचं तोंडही ती पाहत नाही. पुढचे पन्नासेक दिवस सांभाळायचं ते वाळूनं आणि उन्हानं.

पण माहेर तरी पूर्वीसारखं राहिलंय कुठे? ही अंडी कोल्हे-कुत्री उकरायची, माणसंही खायला-विकायला न्यायची. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं वेळासही त्याला अपवाद नव्हतं. २००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेनं तिथे काम सुरू केलं आणि गावकऱ्यांनाच कासवमित्र केलं. अंडी कुंपणाच्या आत हलवायची, वर टोपली झाकायची, पिलं निघाली की समुद्राकडे सोडायची. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे येऊ लागले आणि त्यांची राहण्या-जेवणाची सोय झाली गावातल्याच घरांत.

इथे आपला संबंध येतो. रोजच्या ज्या स्वयंपाकाला घरात कुणी 'काम' म्हणत नाही, त्याच भाकरीला, सोलकढीला, उकडीच्या मोदकांना पैसे मिळू लागले. अंडी विकून मिळायचं त्याहून जास्त जिवंत पिलू मिळवून देतं, हे गावाला कळलं. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत तर बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत पाहुण्यांना खारफुटी दाखवतात. त्या चिखलातल्या मुळांमध्येच मासळीची पिल्लं वाढतात. खारफुटी तोडली तर उद्या बाजारात टोपलीत काय येणार?

म्हणून नुसता महोत्सव पाहून, फोटो काढून भागणार नाही. हजारातलं एखादंच पिलू मोठं होतं, असं जाणकार सांगतात. किनाऱ्यावरच्या झगझगीत दिव्यांनी पिलं वाट चुकतात. वाळू उपसली किंवा दगडी बंधारा घातला, तर आईला अंडी घालायला जागाच उरत नाही. जाळ्यात अडकलेलं कासव श्वास घ्यायला वर येऊ शकलं नाही, तर गुदमरून मरतं. ते सोडवायला मच्छीमारानं जाळं कापलं तर भरपाईची सरकारी योजना आहे. ती घराघरांत माहीत हवी. जाळ्याचा हिशेब बहुतेकदा घरातली बाईच ठेवते, नाही का?

'आम्ही घाटावरच्या, आम्हाला काय त्याचं?' असं म्हणू नका. गटारात गेलेली पिशवी नदीवाटे समुद्रातच पोचते आणि कासव ती खाणं समजून गिळतं. तेव्हा बाजाराला जाताना कापडी पिशवी घ्या. कोकणात गेलात तर आपला कचरा आपल्या गाडीतून परत आणा. किनाऱ्यावरच्या मैत्रिणींनो, तुम्ही ग्रामसभेत दिव्यांचा, वाळूचा आणि बंधाऱ्याचा प्रश्न विचारा.

माहेर तुटण्याचं दुःख आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. या मुक्या माहेरवाशिणीसाठी एवढं तर करूया!