शिलाई मशीन आलं, मापाचं काय?

गावोगावी शिलाई मशीन पोचलं आहे. कुठे जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाकडून, कुठे ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातल्या दहा टक्के निधीतून, तर कुणी बचत गटाचं कर्ज काढून घेतलं. २०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतही शिंपीकाम हा १८ व्यवसायांपैकी एक आहे. पाच ते सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, रोजचे ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत त्यात मिळते. चांगलंच आहे. पण वाचकहो, यातली किती मशिनं चालू आहेत आणि कितींवर चादर टाकून वर गव्हाची पिशवी ठेवली आहे, हे एकदा आपल्याच आळीत फिरून बघा. बाईला सरळ शिलाई येते, काज-बटण येतं, पिको-फॉलही येतं. तरी स्वतःचा ब्लाउज मात्र ती तालुक्याच्या शिंप्याकडेच टाकते. कारण विचारा. उत्तर ठरलेलं, "घरी शिवलेला बसत नाही."

यात तिच्या हाताचा दोष नाही. वर्गात शिकवतात ते सूत्र. छातीचं माप घ्या, त्याचा चौथा भाग इतका, सहावा भाग तितका, की कागदावर ब्लाउज तयार. सूत्र खोटं नाही. पण छाती वाढली की खांदा, पाठ, दंड सगळं त्याच प्रमाणात वाढतं, असं ते धरून चालतं. अंग असं त्रैराशिकाने वाढत नाही. दोन बायका घ्या, दोघींची छाती ३६ इंच. एक ऊसतोडीला जाणारी. पाठ रुंद, दंड भरलेला, पुढून सपाट. दुसरी पाठीने अरुंद, पुढून भरलेली. टेप दोघींना ३६ च सांगते आणि सूत्रातून दोघींना एकच ब्लाउज निघतो. पहिलीचा पाठीत उसवतो, दुसरीचा खांद्यावरून घसरतो. आणि दोघीही म्हणतात, "माझं अंगच बेढब." हे ऐकलं की संताप येतो. अहो, कापणी चुकली, अंगाचा काय संबंध?

शेतकरी मंडळींना हे खरं तर सांगायला नको. जू घेताना आपण बैलाचा खांदा बघतो. खांदा सुजला तर दोष जुवाला देतो, बैलाला नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करतो ती त्या खांद्याची जाण असते म्हणूनच. घरातल्या माणसाच्या खांद्याला मात्र आपण कधी नीट टेप लावत नाही.

आता माप कसं घ्यायचं ते. दुसऱ्या बाईकडून घ्यायचं, अंगावर पातळ कपडा ठेवून, श्वास न रोखता. स्वतःचं स्वतः मोजायला हात उचलला की खांदा हलतो. छाती दोनदा मोजा : एकदा टेप काखेतून वरच्या बाजूने, एकदा भरल्या जागेवरून. दोन्हींत फरक थोडा असेल तर साधं सूत्र चालून जातं. जास्त असेल तर खांदा, मुंढा आणि पाठ वरच्या मापाने कापा, वाढीव कापड फक्त पुढच्या भागाला द्या आणि टक्स खोल घ्या. पाठीची रुंदी मोजताना दोन्ही हात पुढे घेऊन, काखेपासून काखेपर्यंत मोजा, कारण भांगलणीला, लावणीला पाठ तशीच ताणते. मानेच्या मणक्यापासून कमरेपर्यंतची लांबी वेगळी घ्या. वर्षानुवर्षं वाकून काम केलेली पाठ गोलावते, तिला मागे लांबी जास्त लागते. ती दिली नाही तर ब्लाउज मागून वर चढतो. दोन्ही खांदे वेगवेगळे बघा. एकाच बाजूला घागर वाहणाऱ्या बाईचे खांदे सारखे असतीलच असं नाही. दंड मोजताना कोपर दुमडून मूठ आवळायची.

ड्रेस शिवायचा तर आधी कंबर कुठे आहे ते शोधा. कमरेला दोरी बांधून डावीकडे-उजवीकडे वाका. दोरी जिथे स्थिर बसते ती कंबर. पोट पुढे असेल तर कुशीपासून कुशीपर्यंत पुढचं माप वेगळं आणि मागचं वेगळं. एकूण घेराचे सरसकट चार भाग केले की ड्रेस पुढून उचलला जातो. सलवारीचं आसन स्टुलावर बसून मोजायचं, उभ्याने नव्हे.

लाजेचा प्रश्न आहेच. शिंप्यासमोर माप द्यायला नको म्हणून जुना ब्लाउज 'मापाचा' म्हणून पाठवायची आपल्याकडे रीत आहे. तो ब्लाउज लग्नातला असतो. नंतर दोन बाळंतपणं झालेली असतात. जुनं माप आणि जुनी चूक दोन्ही पुढच्या ब्लाउजात उतरतात. मशीन घरात आल्याचा खरा फायदा हाच, की माप घेणारी जाऊबाई किंवा शेजारीण असू शकते आणि दरवर्षी नव्याने घेता येतं.

आणखी एक. शेतात बायका साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात. उन्हापासून, कुसळांपासून वाचायला तो बरा. पण त्याचा मुंढा खाली लोंबतो, त्यामुळे हात वर केला की अख्खा शर्ट वर ओढला जातो. मुंढा काखेजवळ आणि बाही थोडी रुंद, असा शेतीचा अंगरखा घरी सहज शिवता येईल. मुंढा खोल म्हणजे मोकळं, हा समज चुकीचा आहे.

मापाकडे दुर्लक्ष झालं की काय होतं, हे सरकारनेही पाहिलं. २०२४-२५ च्या शैक्षणिक वर्षात 'एक राज्य, एक गणवेश' म्हणून शाळेचे कपडे महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडून शिवून घ्यायचे ठरले. गणवेश उशिरा आले आणि आले ते कुणाला ढगळ, कुणाला तोकडे. डिसेंबर २०२४ मध्ये हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्याचा निर्णय झाला. ठपका शिवणाऱ्या बायकांवर आला, हे अन्यायाचं झालं. पोराचं तोंड न बघता शिवलेला कपडा त्याला बसणार तरी कसा? आता काम गावाच्या हाती आहे, तर गावच्याच बाईने वर्गात जाऊन पोरांची मापं घ्यावीत.

म्हणून सरपंच आणि भाऊसाहेबांना विनंती. मशीन वाटपाचा पुढचा ठराव लिहाल, तेव्हा त्यात प्रत्येक बाईमागे एक टेप आणि दोन मीटर मांजरपाट धरा. शिकवणाऱ्या बाईंना सांगा, पहिला आठवडा सूत्र नको. एकमेकींची मापं घ्या, भिजवून वाळवलेल्या मांजरपाटाचा ब्लाउज कापा, धावदोऱ्याने जोडून अंगावर घाला. जिथे ताणलेल्या चुण्या पडतात तिथे कापड कमी, जिथे झोळ पडतो तिथे जास्त. खडूने खुणा करा, उसवा, दुरुस्त करा. तो उसवलेला मांजरपाट जपून ठेवला की पुढच्या प्रत्येक ब्लाउजाचा साचा तोच. चांगलं कापड कापताना कुशीत इंचभर माया सोडायला मात्र विसरू नका.