‘विशारद’ झाले, पुढे काय?

दहावी-बारावीचे निकाल लागले, की रत्नागिरीच्या मध्यमवर्गीय घरांतून एक संवाद हमखास ऐकू येतो. मुलीचा गळा गोड आहे, सात-आठ वर्षे ती नेमाने क्लासला जात आहे, ‘मध्यमा पूर्ण’ही झाली आहे, पण संगीत घेऊन पदवी करायची, असे तिने म्हणताच घरात शांतता पसरते. ‘गाणे छंद म्हणून ठेव’ हे वाक्य मग आई-वडील, काका, मामा आळीपाळीने उच्चारतात. याच घरांत मास्टर दीनानाथांचे आणि लतादीदींचे नाव अभिमानाने घेतले जाते. अभिमान दुसऱ्याच्या मुलांचा आणि धास्ती मात्र आपल्या मुलांची!

ही धास्ती रत्नागिरीला तरी शोभत नाही. स्वातंत्र्यवीर सावरकर १९२४ ते १९३७ या काळात याच नगरीत स्थानबद्ध होते. त्यांचे ‘संन्यस्त खड्ग’ हे नाटक १९३१ साली रंगभूमीवर आणले ते दीनानाथांच्या बळवंत संगीत मंडळीने, आणि त्यातील पदांना चाली दिल्या त्या रामकृष्णबुवा वझे यांनी. शस्त्र आणि अहिंसा यांवरील आपला विचार सामान्य प्रेक्षकापर्यंत नेण्यासाठी सावरकरांसारख्या बुद्धिवाद्यालाही गाणाऱ्या मंडळीचा हात धरावासा वाटला. ही मंडळी हौशी नव्हती. तिच्यावर गायक, ऑर्गनवादक, तबलजी, रंगपटाचे कामगार अशा अनेकांच्या चुली पेटत होत्या. पुढे बोलपट आला, नाटक मंडळ्या कर्जात बुडाल्या आणि खुद्द दीनानाथांचे अखेरचे दिवस विपन्नावस्थेत गेले, हेही खरे. पण त्या उदाहरणावरून ‘गाणाऱ्याच्या नशिबी दारिद्र्यच’ असा निष्कर्ष काढणारे लोक एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. बुडाला तो धंद्याचा एक प्रकार होता, विद्या बुडाली नव्हती. त्याच घरातील मुलीने त्याच विद्येच्या बळावर कुटुंब उभे केले.

संगीताचे शिक्षण आणि उपजीविका यांची सांगड घालण्याचा पहिला मोठा उद्योग केला तो कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. कोणा एका संस्थानिकाच्या मर्जीवर विसंबून न राहता समाजाकडून वर्गणी मागून आणि जलसे करून ते चालवले. त्यांच्या ‘उपदेशक वर्गा’त निवडक मुले वर्षानुवर्षे राहून शिकत, त्यांचा सारा भार विद्यालय उचलत असे. या खर्चापायी मुंबईच्या शाखेवर कर्ज झाले आणि अखेर इमारतीचा लिलाव झाला. हिशेबाच्या वहीत हा तोटाच दिसेल. पण त्या वर्गातून ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर बाहेर पडले, आणि त्यांपैकी अनेकांनी पुढे स्वतःची विद्यालये उभारून शेकडो शिक्षक घडवले. गवई म्हणजे व्यसनी, लहरी माणूस ही समजूत जाऊन त्याला प्रतिष्ठित घरांत ‘पंडितजी’ म्हणून पाट मिळू लागला, तो या खटाटोपामुळे.

त्या परंपरेचे आज काय झाले आहे? पलुस्करांच्या शिष्यांनी १९३१ नंतर अखिल भारतीय स्तरावर जी परीक्षापद्धती रुजवली, ती साधन म्हणून उत्तम होती. ‘प्रारंभिक’पासून ‘अलंकार’पर्यंतच्या त्या पायऱ्या खेड्यापाड्यांत पोहोचल्या, हा तिचा मोठाच उपकार. परंतु दहावीच्या निकालात कलेचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून पुष्कळ पालकांनी या पायऱ्यांचा जिना गुणपत्रिकेला टेकवून ठेवला आहे. गुण पदरात पडले, की तंबोरा गवसणीत! मुलांनी दहा राग पाठ केलेले असतात. एक राग अर्धा तास मांडता येत नाही. दोष मुलांचा नाही. त्यांना कोणी तसे शिकवलेच नाही.

दुसरीकडे, महाविद्यालयात गवई घडत नाही, तो गुरूच्या घरीच घडतो, असे म्हणून हात झटकणारेही आहेत. वझेबुवा कोकणातून निघून ग्वाल्हेरला निसार हुसेन खाँसाहेबांपाशी शिकले, हे उदाहरण ते देतात. पण ज्यांनी असे हाल सोसले त्या बुवांनीच उतारवयात ‘संगीत कला प्रकाश’ लिहून चिजा छापून टाकल्या. पुढच्यांना तेवढी पायपीट पडू नये, हाच त्याचा अर्थ नव्हे काय? पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राने १९८७ पासून गुरूची तालीम आणि विद्यापीठाची पदवी एकाच छपराखाली आणून दाखवली आहे. असे केंद्र रत्नागिरीत का नसावे? मुंबई विद्यापीठाचे उपकेंद्र येथे आहे, आकाशवाणी केंद्र आहे, थिबा राजवाड्याच्या प्रांगणात रंगणारा संगीत महोत्सव आहे, संगीत नाटकावर जीव टाकणारा प्रेक्षक आहे. तरीही पूर्णवेळ पदवीसाठी येथल्या मुलाला बहुधा मुंबई, पुणे नाहीतर कोल्हापूर गाठावे लागते. शासनाने २०२२ साली लतादीदींच्या नावाने संगीत महाविद्यालय सुरू केले, तेही मुंबईतच, म्हणजे येथून सुमारे ३३० किलोमीटरवर. भाड्याची खोली आणि खानावळीचा खर्च भागवताना रियाज कधी करायचा, याचे उत्तर कोणत्याही माहितीपुस्तिकेत छापलेले नसते.

शाळांची स्थिती याहून वेगळी नाही. शिक्षणहक्क कायद्याने २००९ साली शंभराहून अधिक पटाच्या उच्च प्राथमिक शाळांसाठी कलाशिक्षणाचा निदेशक सांगितला, पण ‘अंशकालीन’. विशारद होऊन शिक्षक व्हावे, ही पलुस्करांनी घालून दिलेली सर्वांत भरवशाची वाट अशी अर्धवेळ करून टाकल्यावर तरुणांना धीर देणार तो कशाच्या जोरावर?

आणि सारा दोष सरकारच्या माथी मारून समाजाला मोकळे होता येणार नाही. कोकणात गणपती, नवरात्र, भजनाची डबलबारी, नमन, जत्रा असे गाण्या-वाजवण्याचे प्रसंग वर्षभर चालू असतात. मांडववाल्याचे बिल चुकते होते, ध्वनिक्षेपकवाल्याला आगाऊ रक्कम दिली जाते, आचाऱ्याशी घासाघीस करूनही शेवटी पैसे मोजले जातात. तबलजीची पाळी आली, की मात्र ‘देवाची सेवा आहे’ असे सांगून त्याच्या हातावर शाल-श्रीफळ ठेवले जाते. त्या तबलजीला घरी परतताना रिक्षाचे भाडे द्यावे लागते, आणि रिक्षावाला श्रीफळ घेत नाही.