पुढच्या ब्रेकची बदनामी

पुण्यात दुचाकी शिकणाऱ्याला क्लच कसा सोडावा हे कोणी धड सांगत नाही. पण पुढचा ब्रेक लावायचा नसतो, हे मात्र जन्मात गाडीवर न बसलेली आजीसुद्धा सांगते. मला मामाने सांगितलं होतं, "पुढचा दाबलास की पलटी!" मग तो बसवलाय कशाला, असं विचारल्यावर मामाने टपली मारली होती. ही शिकवण बहुधा सायकलच्या काळातली असावी. उंच आणि आखूड सायकलवर ती खरीही होती. मोटरसायकल आली, पण शिकवण तीच राहिली.

आमची गाडी १०० सीसीची, जुनी. पुढे ड्रम ब्रेक. गेल्या पावसाळ्यात हा ब्रेक एकाएकी तापट झाला. लिव्हर थोडं दाबावं, काही नाही. आणखी थोडं दाबावं, तरी नाही. आणि मग एकदम खच्चकन्! मागे बसलेली बायको पाठीवर आदळायची आणि म्हणायची, "या वयात हे काय!" लग्नाला ३१ वर्षं झालेल्या माणसाला हा आरोप खरं तर सुखावणाराच, पण हेल्मेटवर हेल्मेट आपटलं की त्यातली गंमत जाते.

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने चाक फिरवून पाहिलं, पाना घेतला आणि केबलचा नट भराभरा सैल केला. "काका, आता बघा, लोणी!" अगदी खरं. लिव्हर मुठीला टेकलं तरी गाडी आपल्याच विचारात पुढे चाललेली. मी कुरकुरलो तर म्हणतो, "पुढचा लावतंय कोण?"

दोन दिवसांनी टिळक रोडवर पुढची बस थांबली. मीही थांबलो, पण बसच्या पार्श्वभागाला पुढचं चाक टेकवून. मागचा ब्रेक जीव खाऊन दाबला होता. त्यामुळे मागचं चाक जाम झालं आणि गाडी शेपूट हलवत घसरत गेली. बसच्या मागच्या खिडकीतला एक मुलगा माझ्याकडे बघून खुदकन हसला. मी नाही हसलो. पाय लटपटत होते.

तेव्हापासून माझं या पंथाशी भांडण आहे. अहो, ब्रेक लागला की गाडीचा आणि आपला सगळा भार पुढे झुकतो. पुढचं चाक रस्त्याला घट्ट धरतं आणि मागचं हलकं होतं. हलक्या झालेल्या चाकाला कितीही दामटलं तरी ते थांबवणार काय, कपाळ? कोरड्या, सरळ रस्त्यावर थांबवण्याचं निम्म्याहून जास्त काम पुढचाच ब्रेक करतो. ताशी ४० किलोमीटरच्या वेगाला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. तेवढ्यात बस येते. वाळूवर आणि वळणात पुढचा ब्रेक जपून लावावा, हे कबूल. पण जपून म्हणजे कधीच नाही, असं कोणी ठरवलं? १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना, एबीएस नसेल तर, मागच्या ब्रेकबरोबर पुढचाही थोडा लागेल अशी जोडणी सक्तीची झाली. मला तर वाटतं, सरकारने माझ्या मामासारख्या सगळ्या मामांपुढे हात टेकले.

आणि तक्रारच मुळात चुकीची असते. "ब्रेक फार लागतो" म्हणतात, तेव्हा तो फार लागत नसतो, एकदम लागत असतो. आमटीत तिखटाची गुठळी राहिली म्हणून कोणी तिखट वर्ज्य करत नाही, ढवळतात.

रविवारी मी ढवळायला बसलो. भाच्याला धरून चाक उतरवलं. आत काळ्या भुकटीचा थर. भाचा फुंकर मारणार तोच मी ओरडलो. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि ती भुकटी फुफ्फुसाला वाईट. ओल्या फडक्याने पुसली. मग एकेक चोर सापडला. केबल आतून गंजलेली, म्हणून ती आधी अडे आणि मग एकदम सुटे. शू पसरवणारा कॅम कोरडा ठाक, त्याची तीच तऱ्हा. ड्रमच्या आत गंजाची पुटं. आणि दोन शूंपैकी एकाला फिरता ड्रम स्वतःच आत ओढून घेतो, नेमकी त्याचीच पुढची कड धारदार झालेली. ती रस्त्याला नाही, आम्हा नवराबायकोला चावत होती.

नवी केबल टाकली, कड कानशीने किंचित मारली, पॉलिश पेपरने गंज काढला. कॅमला ग्रीस लावलं, पण बोटाच्या टोकाएवढंच, कारण ते लायनरला लागलं तर शू टाकूनच द्यावे लागतात. लिव्हरला थोडीशी ढील ठेवली आणि रिकाम्या गल्लीत चालवून पाहिली. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात ठराविक जागी झटका बसला असता, तर ड्रम वाकडा समजून लेथवर न्यावा लागला असता. तसं काही झालं नाही. जेवढं दाबावं तेवढाच लागायचा.

अभिमानाने गाडी मेकॅनिककडे नेली. त्याने गल्लीत एक चक्कर मारली, पुढचा ब्रेक लावला आणि मान हलवत परत आला.

"काका, जरा जास्तच लागतोय. दोन आटे सैल करू का?"