बाजारबंदीचा खर्च कोणाच्या खिशातून?

लम्पी त्वचा रोगामुळे सप्टेंबर 2022 मध्ये संपूर्ण राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर झाले. जनावरांचे बाजार, प्रदर्शने, शर्यती आणि वाहतूक यांवर बंदी आली. सोलापूर जिल्ह्यात याचा फटका खिलार जनावरांसाठी प्रसिद्ध असलेल्या सांगोल्याच्या बाजारालाही बसला. साथ रोखण्यासाठी हा निर्णय गरजेचा होता. पण त्याचा खर्च कोणी उचलला, हेही तपासायला हवे.

नुकसान कुठे होते?
जनावर दगावल्यास शासनाने दुधाळ जनावरासाठी 30 हजार, ओढकाम करणाऱ्यासाठी 25 हजार आणि वासरासाठी 16 हजार रुपये मदत दिली. मात्र ज्याचे जनावर निरोगी, पण विकता येत नाही, त्याच्यासाठी यात काही नव्हते. समजा, तुम्हाला बैलजोडी विकायची आहे आणि एका बैलाचा चारा-पेंडीचा खर्च रोज 150 रुपये आहे. बाजार 60 दिवस बंद राहिला, तर जोडीमागे 18 हजार रुपये जातात. त्यात पेरणीसाठी लागणारा पैसा अडकतो आणि गरजवंत दारातच पडत्या भावात जनावर देतो.

वराहपालकाचे गणित आणखी कठीण आहे. आफ्रिकन स्वाइन फीव्हरमध्ये बाधित ठिकाणापासून 1 किलोमीटर परिसरातील सर्व डुकरे नष्ट करतात. वजनानुसार भरपाई मिळते, पण रिकाम्या गोठ्याच्या महिन्यांची मिळत नाही.

भरपाई फक्त मृत्यूची मिळाली, तर निरोगी कळप असलेला शेतकरी नियम पाळण्याऐवजी चोरून विक्रीकडे वळतो, आणि साथ पसरते. म्हणून बंदीकाळात चाऱ्यासाठी मदत किंवा कर्जहप्त्यास मुदतवाढ ही मागणी ग्रामसभेतून आणि दूध संघांमार्फत लावून धरा.

तुमच्या हातात काय आहे?
• पावसाळ्यापूर्वी गोट पॉक्स लस टोचून घ्या. नंतर निर्बंध शिथिल झाले, तेव्हा लसीकरणाला किमान 28 दिवस झालेल्या जनावरांनाच वाहतुकीची मुभा मिळाली.
• कानातील 12 अंकी बिल्ला आणि लसीकरणाची नोंद तपासा.
• अंगावर गाठी किंवा ताप दिसताच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. 2009 च्या कायद्याने हे मालकावर बंधनकारक आहे.
• जनावर दगावल्यास पंचनाम्याआधी पुरू नका.
• विक्री एकाच हंगामावर अवलंबून ठेवू नका. दोन महिन्यांचा चारा राखून ठेवा.