बैलासाठी फोन, मग माणसासाठी का नाही?

देवणी बैलाने एक दिवस वैरण सोडली की घरात धावपळ उडते. १९६२ ला फोन जातो, जनावरांच्या डॉक्टरांची वाट पाहिली जाते. ते योग्यच आहे. ज्या जातीमुळे आपल्या तालुक्याचे नाव दूरवर गेले, तिला जपायलाच हवे. पण त्याच घरातला कर्ता माणूस पंधरा पंधरा दिवस धड जेवत नाही, रात्र रात्र जागतो, कोणाशी बोलत नाही, तेव्हा आपण काय म्हणतो? "सोयाबीनला भाव नाही, टेन्शन आहे. होईल ठीक."

ही बेफिकिरी महागात पडते. सततची उदासी हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये 'टेलि-मानस' ही सेवा सुरू केली. क्रमांक १४४१६. फोन मोफत, चोवीस तास चालू, बोलणे मराठीतून. पलीकडे समुपदेशक असतो. गरज पडल्यास तो मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतो, सरकारी दवाखान्याची वाट दाखवतो.

रुग्ण स्वतः फोन करील म्हणून थांबू नका. बायकोने, भावाने, लेकीने करावा. पोलिसांचे लचांड मागे लागेल, ही भीतीही नको. जिवाचे बरेवाईट करू पाहणारा माणूस तीव्र तणावाखाली आहे असेच धरावे आणि सरकारने त्याच्यावर उपचार करावेत, असे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो.

मात्र नुसता क्रमांक पुरेसा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. फोनवरून "लातूरला दाखवा" असे सांगितले, तर त्या घरासमोर प्रश्न उभे राहतात: एसटीचे भाडे, बुडणारी मजुरी, आणि सोबत जाणार कोण? २०१५ मध्ये मराठवाडा व विदर्भातील १४ जिल्ह्यांसाठी राज्याने 'प्रेरणा प्रकल्प' आखला, तेव्हा १०४ क्रमांकाच्या जोडीला आशाताईंना घरोघरी पाठवले, ते यासाठीच. फोन ऐकून घेतो. हात धरून नेणारे माणूस गावातलेच लागते.

म्हणून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर १४४१६ लिहा आणि त्याखाली आशाताईंचे नावही लिहा. रुग्णाबरोबर कोण जाईल, हे ग्रामसभेत ठरवा. मनाच्या आजाराचे डॉक्टर ठरलेल्या वारी तालुक्याच्या गावीच भेटावेत, अशी मागणी करा. तो वार बाजाराच्या वारासारखा सगळ्यांना पाठ हवा.

आणि एखाद्याच्या तोंडून "आता जगण्यात अर्थ नाही" असे शब्द निघाले, तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्याला एकटे सोडू नका, फवारणीचे औषध त्याच्या हाती लागणार नाही असे ठेवा आणि १४४१६ ला फोन करा. जिवावरच बेतले असेल, तर १०८ ची गाडी बोलवा.

बैलाचे दुखणे आपण डोळ्यांत पाहून ओळखतो. घरच्या माणसाच्या डोळ्यांतही तेवढेच नीट पाहूया.