चांद्याचा साग, परगावची सफाई

राजुरा : अयोध्येच्या राममंदिराचे दरवाजे चंद्रपूर जिल्ह्यातील सागवानाचे आहेत, ही गोष्ट या परिसरात अभिमानाने सांगितली जाते. मार्च 2023 मध्ये 1,855 घनफूट सागवानाची पहिली खेप येथून रवाना झाली, तेव्हा तिची मिरवणूक निघाली होती. पुढे 28 मे 2023 रोजी उद्घाटन झालेल्या नव्या संसद भवनातही महाराष्ट्राचे सागवान वापरले गेले. सरकारी माहितीत त्याची नोंद 'नागपूरचे सागवान' अशी झाली. या गौरवात एक तपशील मात्र मागे पडतो. मंदिराच्या दरवाजांचे काम हैदराबादच्या कंपनीकडे गेले आणि त्यावरील कोरीवकाम तमिळनाडूच्या कारागिरांनी केले. लाकूड चांद्याचे होते. त्याला रूप देणारे हात परगावचे होते.

बांबूची कथा फारशी वेगळी नाही. वर्धा नदीच्या एका तीरावर राजुरा, तर दुसऱ्या तीरावर बल्लारपूर आहे. बल्लारपूरच्या कागद कारखान्याने कित्येक दशके या जंगलांतील बांबू रिचवला. लगदा होणाऱ्या बांबूला सफाई लागत नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल 2011 मध्ये वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आले. बांबू विकण्याचा अधिकार गावाकडे आला, ही ऐतिहासिक घटना होती. बांबूपासून वस्तू घडवून विकण्याच्या दिशेने चिचपल्ली येथे 2014 मध्ये बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन करण्यात आले. कच्च्या मालावरील हक्क आणि प्रशिक्षण या दोन पायऱ्या अशा रीतीने चढून झाल्या. तिसरी पायरी मात्र दुर्लक्षित राहिली. ती आहे तयार मालाच्या सफाईची.

मागणी छोटी, अपेक्षा मोठी

हा प्रश्न आज महत्त्वाचा ठरतो, कारण बाजारपेठेचे स्वरूप बदलले आहे. संगणकाच्या कीबोर्डसाठी खास बनवून घेतलेल्या लाकडी पेट्यांचे उदाहरण बोलके आहे. देशोदेशीचे हौशी ग्राहक एकत्र येऊन आगाऊ पैसे भरतात आणि पन्नास-शंभर पेट्यांची एकच तुकडी बनवून घेतात. मोठ्या कारखान्यास एवढी छोटी मागणी परवडत नाही. लहान कार्यशाळेस ती पोटापुरते काम देऊ शकते. परंतु हा ग्राहक वस्तू हातभर अंतरावरून रोज पाहतो आणि तिच्यावर रोज मनगटे टेकवतो. एक ओरखडा, पॉलिशचा एक ओघळ किंवा कोपऱ्यातील बारीक फट त्याच्या नजरेतून सुटत नाही. कार्यालयीन भेटवस्तू, घड्याळांच्या चौकटी, वाद्यांच्या पेट्या या सर्वांना हाच न्याय लागू पडतो. अशी कामे येथील सुतारांना व बांबू कारागिरांना मिळू शकतात. ती टिकवायची असतील, तर पहिली पेटी आणि पन्नासावी पेटी सारखीच दिसली पाहिजे.

सफाई म्हणजे शेवटचे पॉलिश, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात बहुतेक दोष पॉलिशच्या फार आधी जन्म घेतात. पहिले कारण हवामानाचे. चंद्रपूरचा उन्हाळा देशातील सर्वांत तीव्र उन्हाळ्यांपैकी एक. मे महिन्याच्या कोरड्या हवेत उघड्यावरील लाकडातील ओलावा पाच-सहा टक्क्यांपर्यंत उतरू शकतो, तर भर पावसाळ्यात तो पंधरा टक्क्यांच्या वर जातो. सागवान स्थिर लाकूड म्हणून प्रसिद्ध आहे. तरीही ओलाव्यात पाच टक्क्यांचा फरक पडला, की दहा सेंटिमीटर रुंदीची सागाची फळी कापण्याच्या दिशेनुसार अर्धा ते एक मिलिमीटर आकसते वा फुगते. दरवाजाला हा फरक चालून जातो. धातूची पट्टी आणि स्क्रू नेमके बसवायचे असलेल्या कीबोर्डच्या पेटीला तो चालत नाही. जुलैत घडवलेली पेटी बंगळूरच्या वातानुकूलित कार्यालयात पोहोचली, की तिचे सांधे उघडू लागतात.

दुसरे कारण मालाच्या स्वभावाचे. सागात नैसर्गिक तेलकट द्रव्ये असतात. वाळवीला दूर ठेवणारी हीच द्रव्ये काही पॉलिश नीट वाळू देत नाहीत आणि सरसाची पकड सैल करतात. म्हणून पृष्ठभाग ताजा घासून, थिनरने पुसून लगेच पहिला हात द्यावा लागतो. लाखेचा पातळ थर मध्ये दिल्यास अडथळा कमी होतो. बांबूच्या बाहेरच्या सालीवर मेणचट, गुळगुळीत थर असतो. तो तासल्याशिवाय रंग टिकत नाही. आत पिष्ट अधिक असल्याने बोरिक आम्ल व बोरॅक्सच्या द्रावणात मुरवला नाही, तर तो पोखरणाऱ्या किडीच्या भक्ष्यस्थानी पडतो आणि चकचकीत पॉलिशमधून काही महिन्यांतच भुकटी झडू लागते. पावसाळ्यात फवारलेल्या लॅकरवर हवेतील बाष्पामुळे पांढुरकी झाक येते, ती वेगळीच.

टक्क्यांचे निर्दय गणित

तिसरे कारण गणिताचे. समजा, वस्तू पाच टप्प्यांतून जाते : कापणी, जोडणी, घासकाम, पॉलिश आणि अंतिम जुळणी. प्रत्येक टप्प्यावर शंभरात केवळ पाच नग बिघडले, तर ते काम वाईट म्हणता येणार नाही. तरीही अखेरीस निर्दोष उरतात ते सुमारे 77 टक्के. म्हणजे पन्नास चांगल्या पेट्यांसाठी पासष्ट पेट्या सुरू कराव्या लागतात. हेच प्रमाण टप्प्यागणिक दोन टक्क्यांवर आणले, तर छप्पन्न पुरतात. या नऊ पेट्यांचे लाकूड आणि मजुरी हाच छोट्या कार्यशाळेचा नफा किंवा तोटा असतो.

मोठे कारखाने हजारो नगांतून काही नमुने तपासून निष्कर्ष काढतात. पन्नासांच्या तुकडीत ती पद्धत निरुपयोगी. येथे प्रत्येक नग आणि तोही प्रत्येक टप्प्यावर पाहावा लागतो. यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. संपूर्ण तुकडी शक्यतो एकाच ओंडक्यातून काढणे, ओलावा मोजल्याखेरीज करवत न लावणे, त्याच लाकडाच्या तुकड्यावर आधी पॉलिश करून पाहणे, घासकामात 120 ते 320 क्रमांकापर्यंतचा एकही कागद न वगळणे आणि या साऱ्याची वहीत नोंद ठेवणे, एवढी शिस्त पुष्कळ काम करते. सर्वांत मोलाचा तो मान्य नमुना. ग्राहक व कारागीर दोघांनी स्वाक्षरी केलेली एक पेटी कार्यशाळेत राहिली, तर 'सफाई चांगली हवी' या मोघम वाक्यावरून होणारे तंटे टळतात. कोणती बाजू दर्शनी, कोणती झाकलेली, किती उजेडात व किती अंतरावरून पाहायचे, हेही आधीच ठरवता येते. लाकडाची रेघ हा दोष नव्हे आणि घासकामाची रेघ हा मात्र दोष, हा फरक कागदावर असेल तर नाकारलेल्या मालाचा भुर्दंड एकट्या कारागिरावर पडत नाही.

धोरणाची उणीव नेमकी येथे दिसते. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतार आणि टोपल्या-चटया विणणारे यांचा अठरा व्यवसायांत समावेश झाला. प्रशिक्षण, अवजारांसाठी 15 हजार रुपयांपर्यंत साह्य आणि दोन टप्प्यांत तीन लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज, अशी तिची रचना करण्यात आली. एकट्या कारागिरासाठी हे साह्य उपयुक्त आहे. मात्र लाकूड वाळवण्याची भट्टी किंवा धूळविरहित फवारणी खोली एकट्याच्या आवाक्यातील नव्हे. राजुऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी अशी सामाईक सोय झाली, तर दहा-वीस कार्यशाळा ती वाटून वापरू शकतील. प्रशिक्षणाचे यशही किती जणांना प्रमाणपत्रे मिळाली यावर न मोजता, त्यांच्या मालापैकी किती परत आला आणि किती ग्राहकांनी दुसऱ्यांदा मागणी नोंदवली, यावर मोजावे लागेल.

राजुरा परिसराला कोळसा आणि सिमेंट यांनी रोजगार दिला. पण खाणीचे आयुष्य ठरलेले असते. जंगल, नीट राखले तर, पुन्हा उगवते. त्याच्या लाकडाचे मोल घनफुटात मोजायचे की घडवलेल्या नगात, हा या तालुक्यासमोरचा खरा प्रश्न आहे. घनफुटाचा भाव लिलावात एकदाच मिळतो. सफाईदार नगाचा ग्राहक पुन्हा परत येतो.