शाम्पूच्या बाटलीवर पुढे जाहिरात, मागे माहिती; केसांच्या प्रकारानुसार लेबल कसे वाचाल?

बाटलीच्या दर्शनी बाजूला कांदा, भृंगराज, आर्गन तेलाची चित्रे असतात. ‘डॅमेज रिपेअर’, ‘सिल्की स्मूथ’ असे शब्द ठळक छापलेले असतात. पण आत नेमके काय आहे, हे मागच्या बारीक अक्षरांतूनच कळते. ती कशी वाचायची?

घटकांचा क्रम काय सांगतो?

कॉस्मेटिक्स रूल्स २०२० नुसार १ टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. ज्याचे प्रमाण सर्वाधिक, ते पहिले. म्हणूनच शाम्पूच्या यादीत बहुधा पाणी सर्वांत वर असते. १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यानंतर कोणत्याही क्रमाने लिहिता येतात.

एक सोपी खूण लक्षात ठेवा. उत्पादन टिकावे म्हणून घातले जाणारे फिनॉक्सिइथेनॉल १ टक्क्यापर्यंतच वापरता येते. कांद्याचा अर्क यादीत त्याच्या खाली असेल, तर त्याचेही प्रमाण १ टक्का किंवा त्याहून कमी आहे. मग पुढचे कांद्याचे चित्र पुन्हा एकदा पाहा.

कोणत्या केसांसाठी काय पाहाल?

• तेलकट, पातळ केस: सोडियम लॉरेथ सल्फेट असलेल्या शाम्पूने तेल चांगले निघते. कंडिशनरमध्ये डायमेथिकोन यादीत बरेच वर असेल, तर केस चपटे बसू शकतात.

• कोरडे, जाड केस: इथे डायमेथिकोनचा थर उपयोगी पडतो, गुंता कमी होतो. सोडियम लॉरिल सल्फेट मात्र लॉरेथपेक्षा तीव्र असते. वारंवार वापरल्यास कोरडेपणा वाढू शकतो.

• कुरळे केस: सिटिल किंवा सिटिअरिल अल्कोहोल हे नाव वाचून घाबरू नका, त्याने केस मऊ राहतात. ‘अल्कोहोल डिनॅट’ वरच्या क्रमांकावर असेल, तर केस कोरडे पडू शकतात.

• रंगवलेले केस: ‘सल्फेट फ्री’ एवढ्यावर थांबू नका. कोकामिडोप्रोपिल बिटेन सौम्य आहे. पण ओलेफिन सल्फोनेट हे सल्फेट नसूनही केसांतले तेल जोरात काढते.

पुडी घेणाऱ्याने काय वाचायचे?

खरी अडचण इथे आहे. ६० मिलिलिटरपेक्षा लहान द्रव पॅकवर घटकांची यादी छापण्याची सक्ती नियमांत नाही. किराणा दुकानात माळेने लटकणारी एक-दोन रुपयांची पुडी यातच मोडते. मोठी बाटली परवडत नाही म्हणून पुडी घेणाऱ्याला आत काय आहे, हे कळण्याचा हक्कच उरत नाही. टाळूला खाज सुटली, तर कशामुळे सुटली हे डॉक्टरांना सांगायचे कसे?

पुडीवर जागा नाही, ही सबब आता चालू नये. ‘जादा मोफत’ लिहायला त्याच पुडीवर जागा सापडते. पुड्यांच्या माळेवर यादी छापता येईल, पुडीवर क्यूआर कोड देता येईल. ही सवलत सरकारने काढून घ्यायला हवी. यादी मराठीसारख्या स्थानिक भाषेत असेल, तर उत्तमच.

तोवर एक उपाय हातातल्या फोनमध्ये आहे. त्याच शाम्पूच्या मोठ्या बाटलीच्या मागच्या बाजूचा फोटो ऑनलाइन शोधा, झूम करा आणि मगच पुडी फाडा.